दोन हात तेल

आमच्या कारखान्यात पाहुणा आला की अप्पा त्याला आधी देवळात नेतात, मग टाक्यांच्या आवारात आणि शेवटी कंट्रोल रूममध्ये. अप्पा म्हणजे आमचे मालक. कपाळावर विभूतीचे पट्टे, बाहेर सोडलेला पांढरा शर्ट, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपल्याच घरातलं वडीलधारं माणूस आहे. लातूरच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं तेलाचं दुकान होतं. त्यातून यांनी एमआयडीसीत सोयाबीन तेलाचा कारखाना उभा केला. कौतुक करण्यासारखंच आहे, मी कशाला नाही म्हणू? पण कंट्रोल रूममध्ये आले की ते पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवतात आणि ठरलेलं वाक्य बोलतात, "मोठ्या टाकीत किती तेल हाय, हितं बसून कळतंय बघा. माणसाची नियत बदलती, मशीनची न्हाई." पाहुणा मान डोलावतो. नियत बदलणारी माणसं, म्हणजे आम्ही, तिथंच बाजूला उभी असतो.

ते मशीन सांभाळायचं काम माझं. नांदेडला डिप्लोमा केला आणि इथं लागले. त्याआधी कितीतरी वर्षं माझे बाबा याच कारखान्यात पंप चालवत होते. आमचं गाव मुदखेडजवळचं, पण मी शाळेत जायच्या आधीच बाबांनी गाव सोडलं आणि लातूरला दोन खोल्या घेऊन राहिले. का सोडलं ते पुढं येईलच. मला नोकरी लागली तेव्हा बाबा आईला म्हणाले, "म्या खालून पंप चालवतो, पोरगी वरून टाकी बघती. आता अप्पाचं तेल कुठं जातंय?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मशीन म्हणजे टाकीच्या माथ्यावर बसवलेला रडार. आकार घरातल्या मोठ्या कुकरएवढा, खाली कर्ण्यासारखं तोंड, ते टाकीत सोडलेलं. तो कर्णा सतत खाली रेडिओ लहरींचे ठोके सोडत असतो. ठोका तेलावर आपटतो आणि त्यातला थोडा परत वर येतो. जायला-यायला किती वेळ लागला तो मोजायचा, त्यावरून अंतर काढायचं आणि टाकीच्या उंचीतून वजा करायचं. उरलं ते तेल. विहिरीत डोकावून हाळी द्यावी आणि आवाज किती वेळानं परत आला त्यावरून पाणी किती खोल गेलंय ते ओळखावं, तसलाच प्रकार. फक्त हा ठोका उजेडाच्या वेगानं जातो, त्यामुळे तो वेळ माणसाच्या कल्पनेत मावत नाही. मशीनच्या मावतो.

यात एक मेख आहे. पाणी असेल तर ठोका सणसणीत परत येतो. तेलाचं तसं नाही. बराचसा ठोका तेलातून आरपार खाली जातो आणि तळाच्या पत्र्यावर आपटून मग परततो. शिवाय टाकीत लोखंडी शिडी असते, आडवा पाइप असतो, त्यांच्यावरूनही ठोके येतच असतात. यातलं तेल कोणतं आणि शिडी कोणती हे मशीनला काय कळणार? म्हणून बसवताना टाकी पूर्ण रिकामी करायची आणि त्याला एकदा सगळं दाखवून द्यायचं, की बाबा रे, आत्ता जिथून जिथून ठोका परत येतोय तिथं तेल नाही, यापुढं तिकडं लक्षच देऊ नको. मशीन ते लक्षात ठेवतं. सांगितलं तेवढंच ऐकतं आणि मनात काही शंका आणत नाही. मालकांना अशी माणसं फार आवडतात, पण ती मिळत नाहीत.

मशीन बसवलं ते दिवाळीच्या पाडव्याला. पुण्याहून त्या कंपनीचा इंजिनिअर आला होता. तो म्हणाला, "टाकी रिकामी लागेल." अप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो काहीतरी अभद्र बोलला. "पाडव्याच्या दिवशी टाकी रिती? आमच्या मायनं घरातला तेलाचा डबा कधी रिता होऊ दिला न्हाई. तळाला राहू द्यायचंच." हा कारखान्याचा पहिल्यापासूनचा नियम होता. मोठ्या टाकीतलं तेल तळापासून दोन हातांच्या खाली उतरू द्यायचं नाही. बाकी सगळ्या टाक्या धुवा, खरवडा, काहीही करा, मोठी टाकी म्हणजे लक्ष्मी.

मी या नियमाला हसत नाही. आमच्या घरीसुद्धा पिठाचा डबा आणि मिठाची बरणी तळ दिसेपर्यंत रिकामी करत नाहीत. आईला विचाराल तर ती दहा कारणं सांगेल. पण आमचा पिठाचा डबा रडारला दाखवायचा नसतो.

इंजिनिअरनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मी तेव्हा नवी होते. टाकी रिकामी लागते एवढं पुस्तकात वाचलेलं, पण रिकामी केली नाही तर नेमकं काय होतं हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला संध्याकाळी घरी पोचायचं होतं. "सण आहे मॅडम, चालून जाईल," असं म्हणून त्यानं बटण दाबलं. तिकडं पूजेला बोलावलेल्या स्वामींनी मुहूर्त झाल्याचं सांगितलं, नारळ फुटला, पंप सुरू झाला, टाकीत तेल चढू लागलं आणि पडद्यावर आकडा वर सरकू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी लगेच हुकूम सोडला की टाकीवरचं मापाचं झाकण बोल्ट मारून बंद करा. त्या झाकणातून आत टोकाला वजन बांधलेली मापाची पट्टी सोडून पूर्वी तेल मोजत. "पट्टी माणसाच्या हातात असती," अप्पा म्हणाले. "आता माणसाचं काम न्हाई."

बाबांबद्दल सांगायचं तर ते काही संत नाहीत. तंबाखू खातात, एसटीत जागेवरून भांडतात, आणि त्यांच्या डोक्यात राख कधी जाईल याचा नेम नाही. पण तेलाच्या बाबतीत त्यांचं असं होतं की कारखान्यातून चमचाभर तेल कधी घरी आलं नाही. आई चिडायची. बाकीच्यांच्या घरी सणाला डबा भरून यायचा, अप्पांच्या परवानगीनंच यायचा, आणि आमच्या घरी मात्र दुकानातून विकत आणलेली पिशवी. "लोकाच्या तेलात आपली भजी कशाला?" बाबा म्हणायचे. पुढं वेळ आली तेव्हा या वागण्याचं कुणी नाव काढलं नाही.

पहिलं वर्ष मशीन चोख चाललं. टँकर भरून गेला की पडद्यावरचा आकडा तेवढाच उतरायचा. सोयाबीन भरपूर होतं, टाकी कधी निम्म्याच्या खाली गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र माल मिळेना. गिरणी बंद पडल्यासारखीच होती आणि टाकीतलं तेल रोज उतरत होतं. एका सकाळी बाबांची पाळी होती. पडद्यावर दोन हातांचा आकडा आला तसा कंट्रोल रूममधून निरोप आला, बाबांनी नियमाप्रमाणं पंप बंद केला, व्हॉल्व्ह फिरवला आणि ते चहाला गेले. थोड्या वेळानं अप्पा कुणा व्यापाऱ्याला घेऊन कंट्रोल रूममध्ये आले, नेहमीसारखं आकड्यावर बोट ठेवायला. आकडा शून्य होता.

दोन हात म्हणजे ऐकायला थोडं वाटतं. आमची टाकी एवढी रुंद की दोन हातांत एक टँकर भरून वर उरेल. अप्पांचा चेहरा उतरला. तेल गेलं याच्यापेक्षा टाकी रिती झाली याचाच त्यांना जास्त धक्का बसला असावा. व्यापारी समोर होता, ते आणखी वेगळंच. "पंपावर कोण होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरचा आलेख काढून दाखवला. सकाळभर रेघ हळूहळू खाली येत होती आणि मग एकदम सरळ तळाला पडली होती. मी म्हणाले, "अप्पा, तेल असं पडत नाही. ते उतरतं. चहा पिऊन होईपर्यंत एवढं तेल कुठून जाईल? झाकण उघडून पट्टी सोडू द्या."

"चोराला घाईच असती," अप्पा म्हणाले. "आन् पट्टी कशाला? पट्टीचा भरवसा न्हाई म्हणून तर एवढं मशीन आणलं."

बाबांनी बोलावणं येताच टाकीच्या खालचा निचऱ्याचा कॉक उघडून दाखवला. धार लागली. कुणीतरी म्हणालं, तळाला गाळ असतोच, तोच येतोय. त्या 'कुणीतरी'च्या तोंडात मारावंसं मला वाटलं. बाबांबरोबर वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेला माणूस होता तो. धार नुसती बघितली असती तरी कळलं असतं की गाळ असा स्वच्छ येत नाही. पण मालकाच्या तोंडावर शून्य लिहिलेलं असताना तेल बघणार कोण?

दुपारी अप्पांनी आवारातल्या सगळ्यांना देवळात बोलावलं. कारखान्याच्या कोपऱ्यात महादेवाचं लहान देऊळ आहे. पिंडीसमोर ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवला होता. ज्याला हा प्रकार माहीत नाही त्याच्यासाठी सांगते: बेलभंडार हातात उचलायचा आणि देवासमोर म्हणायचं की मी हे केलेलं नाही. खोटं बोललं तर वर्षाच्या आत घरात काहीतरी घडतं, असं आमच्याकडं म्हणतात. पोलिसांना बोलावण्यापेक्षा हे बरं, घरातलं घरात राहतं, असं अप्पांचं म्हणणं. फिटर आला, हमाल आले, वॉचमन आला, सगळ्यांनी उचलला. मीही उचलला. हाताला भंडारा लागला आणि मला स्वतःचाच राग आला.

मग बाबांची पाळी. ते ताटाजवळ आले आणि थांबले.

"म्या उचलणार न्हाई."

"का?" अप्पा शांतपणं म्हणाले. "केलं न्हाई तर भीती कशाची?"

"न्हाई म्हणलं ना. चोरी म्या केली न्हाई. पर हे उचलणार न्हाई."

"सगळ्यांनी उचलला की."

"त्यांचं त्यांच्यापाशी." एवढं बोलून बाबा वळले आणि चपला घालून चालू लागले. अप्पांनी ताट झाकून ठेवायला सांगितलं. सगळे एकमेकांकडं बघत होते आणि नंतर सगळे माझ्याकडं बघू लागले.

बाबांनी का उचलला नाही हे त्या देवळात मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते सांगायची मला बंदी होती. मी जन्मायच्या आधी गावाकडं बाबांचा आणि त्यांच्या भावाचा बांधावरून वाद झाला होता. हद्दीचा दगड बाबांनी सरकवला असा भावाचा आरोप. गावानं खंडोबाच्या देवळात बेलभंडार ठेवला. बाबा तरणे होते, खरे होते, तावातावानं गेले आणि ओंजळ भरून उचलला. त्याच वर्षी माझी मोठी बहीण तापानं गेली. नुकती चालायला लागलेली पोर. तिच्या माघारी गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण विहिरीवर आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. पुढं सरकारी मोजणी झाली आणि दगड जागचा हललाच नव्हता असं निघालं. तोवर बाबांनी गाव सोडलं होतं, मी झाले होते. मोजणीवाला कागद देऊन गेला, गेलेलं पोर काही देऊन गेला नाही.

तेव्हापासून बाबा कसलीही शपथ घेत नाहीत. आईनं एकदा गमतीत "माझ्या गळ्याची आण घ्या" म्हटलं तर ते ताट सोडून उठले होते. पण हे सगळं अप्पांसमोर सांगायचं म्हणजे मेलेल्या लेकराला साक्षीला उभं करायचं. ते बाबांना जमणार नव्हतं आणि मलाही नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण त्याच संध्याकाळी बाहेरून विकत घेतलेल्या कच्च्या तेलाचे टँकर आले. टाकीत तेल चढलं आणि पडद्यावर आकडा आला. तो आकडा आलेल्या तेलाचा नव्हता. आलेलं तेल अधिक दोन हात, असा तो होता. म्हणजे सकाळी गेलेलं तेल संध्याकाळी परत आलं होतं.

इथं डोकं असलेल्या माणसानं काय म्हणायला पाहिजे? म्हणायला पाहिजे की तेल कुठं गेलंच नव्हतं. आमच्या कारखान्यानं काय म्हटलं? बेलभंडाराला घाबरून चोरानं तेल आणून ओतलं! अख्खं टँकरभर तेल, भर दिवसा, गेटमधून, वॉचमनच्या नाकावर टिच्चून आत आणलं आणि उंच टाकीत चढवलं, आणि कुणाला दिसलं नाही. हे सगळ्यांना पटलं. अप्पांनी त्या दिवशी महादेवाला अभिषेक घातला. वॉचमनसुद्धा प्रसाद खाऊन म्हणाला, "देवाचं लई कडक हाय." मी त्याला म्हणाले, "मामा, टँकर तुमच्या समोरून गेला का?" तो म्हणाला, "म्या कुठं म्हणलं गेला म्हणून? पर आलं की न्हाई तेल?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरी झालीच नव्हती आणि तरी फाशीला माणूस सापडला होता. दुसऱ्या दिवशी बाबांना गेटवरच सांगितलं की काही दिवस घरी बसा. काही दिवस म्हणजे किती हे कुणी सांगितलं नाही. मला मात्र ठेवून घेतलं, कारण मशीनचं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

मी पुण्याच्या त्या इंजिनिअरला फोन लावला. फोन उचलेना, उचलला तर ओळखेना. शेवटी पाडव्याची आठवण करून दिली तेव्हा त्याला ओळख पटली. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही टाकी रिकामी केली नव्हती ना?" आम्ही केली नव्हती! जणू बटण मी दाबलं होतं. पण त्यानं सांगितलं ते नीट सांगितलं. त्या दिवशी तळापासून दोन हातांवर तेल होतं. मशीनला आपण शिकवलं की या उंचीवरून जे परत येतं ते खोटं, त्याकडं दुर्लक्ष कर. तेल त्याच्या वर असेल तोवर सगळं बरोबर दिसणार. पण पुन्हा नेमकं त्याच उंचीवर येऊन थांबलं की मशीन ते पाहणारच नाही. तेलातून आरपार जाऊन तळावर आपटलेला ठोका तेवढा त्याला ऐकू येणार, आणि ते सांगणार, शून्य.

आणि नेमकं त्याच उंचीवर थांबायचं हा आमचाच नियम! दोन हातांच्या वर थांबलो असतो तरी ही चूक उघडी पडली नसती, खाली गेलो असतो तरी पडली नसती. मशीनला ज्या एका जागी आंधळं केलं, बरोबर त्याच जागी आम्ही दरवेळी तेल आणून उभं करणार होतो. मी फोन ठेवला आणि एकटीच हसले. मग रडले.

अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बघू पुन्हा उतरल्यावर." मग मी वाट बघत बसले. रोज पडद्यावर आकडा उतरायची वाट बघायची, आणि घरी गेलं की बाबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून. आई जेवायला उठवायची तेवढेच उठायचे. शेजारच्या बाईनं साखर मागायला यायचं बंद केलं. माझ्याशी बाबा धड बोलायचे, कारखान्याचं काही विचारायचे नाहीत. मी एकदा सांगायला गेले, "बाबा, मशीनची चूक सापडली." ते म्हणाले, "मशीनला का घरी बसवलंय?"

महिना उलटायच्या आत तेल पुन्हा दोन हातांवर आलं. मी अप्पांना कंट्रोल रूममध्ये बसवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत आकडा शून्यावर पडला. मग मी टाकीवर चढले, फिटरला लावून झाकणाचे बोल्ट काढले आणि पट्टी सोडली. ती ओढून काढली तेव्हा खालचा दोन हातांचा भाग तेलानं निथळत होता. तशीच ठिबकती पट्टी घेऊन मी खाली आले आणि अप्पांच्या टेबलावर ठेवली. शब्द मी मुद्दाम वापरले नाहीत. मला वाटत होतं आता त्यांनी काहीतरी म्हणावं.

अप्पांनी पट्टीला बोट लावलं, बोटावरचं तेल अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. तेलाच्या व्यापाऱ्याचं पोर, त्यांना बोटाला कळतं. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, "मशीन चुकलं. बघितलं म्या."

"मग बाबांना उद्या पाठवू?"

"पाठव की. तेवढा बेलभंडार उचलू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अप्पा, तेल टाकीतच होतं. चोरी झालीच नाही. कशाचा बेलभंडार?"

"तेलाचं सोड," ते म्हणाले, आणि आवाज अगदी मऊ होता. "सगळ्यांनी उचलला, त्यानं न्हाई उचलला. आता तसंच आत घेतलं तर उद्या माझ्या देवळात कोण उचलंल? देवाची किंमत ऱ्हाती का? आन् एक सांगतो, पोरी. ज्या घरच्या माणसानं बेलभंडार नाकारला त्या घरचं माणूस म्या टाकीवर ठिवलंय, म्हणून लोक मला बोलायलेत. म्या किती दिवस ऐकू?"

म्हणजे आता माझीही नोकरी गेली होती किंवा जाणार होती. मी घरी येऊन यातला एक शब्द बोलले नाही. आईलाही नाही. पण कारखान्यातली गोष्ट कारखान्यात राहत नाही. जो बाबांच्या डब्यात जेवायचा त्याच माणसानं घरी येऊन सगळं सांगितलं, सहानुभूती दाखवत. वर म्हणाला, "दोन पानं उचलायची, त्यात काय एवढं? पोरीचं तरी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंट्रोल रूमच्या काचेतून पाहिलं तर बाबा गेटमधून येत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी धावत बाहेर आले. तोवर ते देवळात पोचले होते. अप्पा पण होते, ताट होतं, सगळे जमले होते. मी म्हणाले, "बाबा, नको. मला दुसरी नोकरी मिळेल." त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ताटाजवळ गेले, वाकले आणि बेलभंडार उचलला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्यांचे हात एवढे थरथरत होते की भंडारा सांडून पिंडीवर पडला. हमालांपैकी एक जण हळूच म्हणाला, "बघ कसा थरथरायलाय." अप्पांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, पेढा भरवला आणि म्हणाले, "हां, आता मन मोकळं झालं."

कुणाचं मन? बाबांचं तर नक्कीच नाही, माझंही नाही. त्या दिवशी अप्पांच्या तोंडावर पट्टी फेकून निघून यायला हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि का आले नाही हेही मला ठाऊक आहे. मी गेले असते तर बाबांनी जे उचललं ते कशासाठी?

मशीन आता नीट आहे. पुण्याचा इंजिनिअर पुन्हा आला. या वेळी अप्पांनी टाकी रिकामी करू दिली. अट एकच, रिकामी करायच्या आधी त्यातलं तांब्याभर तेल काढून टाकीच्या पायथ्याशी ठेवायचं, म्हणजे ती रिती झाली नाही. तांब्या ठेवला, हळदकुंकू लावलं, टाकी कोरडी केली, मशीनला पुन्हा शिकवलं. एक तांब्या! पहिल्याच पाडव्याला हे कुणाला सुचलं असतं तर? पण तेव्हा मुहूर्त टळत होता.

बाबा पुन्हा पंपावर आहेत. अप्पा पाहुण्यांना त्यांच्याकडं बोट करून सांगतात, "हा आमचा जुना माणूस, लई इमानी." बाबा ऐकतात आणि व्हॉल्व्हकडं बघत राहतात. कुणाशी भांडत नाहीत. तंबाखू सोडली, ती कुणी सांगितलं म्हणून नाही. सकाळी मी निघताना माझ्या कपाळाला हात लावून बघतात, ताप आहे का. साधी शिंक आली तरी डॉक्टरकडं चल म्हणून मागं लागतात. मी तीस वर्षांची बाई आहे, टाक्यांवर चढून काम करणारी, आणि माझा बाप मला रस्ता ओलांडायला हात धरतो.

परवा रडारच्या कर्ण्यावर तेलाचा थर बसला होता, तो पुसायला मी टाकीवर चढत होते. निम्म्यावर गेले आणि खाली पाहिलं तर बाबा पंप सोडून आले होते आणि शिडीचे दोन्ही खांब घट्ट धरून उभे होते. शिडी टाकीला वेल्डिंग केलेली आहे, ती हलत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आजूबाजूचे लोक बघत होते. मला लाज वाटली आणि रागही आला. मी वरूनच ओरडले, "बाबा, तुम्ही देवळात खरंच बोललात ना? मग एवढं भ्यायचं कशाला?"

त्यांनी मान वर केली. उन्हामुळे डोळे बारीक केले होते.

"मागल्या बारीलाबी खरंच बोललो होतो," ते म्हणाले. "उतर खाली."

मी उतरले.